मांजराच्या फॅटी लिव्हरसाठी १४ नंबरची सिलिकॉन फीडिंग ट्यूब

एक्झॉटिक शॉर्टहेअर किंवा पर्शियन जातीच्या लठ्ठ मांजराने काही दिवस तोंडाला अन्न लावलं नाही, की अंगावरची चरबी सुटून लिव्हरमध्ये साठायला लागते. कानाची आतली कातडी पिवळी दिसू लागते तोवर बराच उशीर झालेला असतो. या आजारात लिव्हर कापत नाहीत. मानेच्या डाव्या बाजूला छोटा छेद देऊन अन्ननलिकेत नळी बसवायची आणि तिच्यातून पोटभर खाऊ घालायचं, हाच मुख्य उपचार. नाकातून नळी घालणं या चपट्या तोंडाच्या मांजरांना सोसत नाही. आधीच अरुंद नाकपुडी, त्यात एक बाजू बंद.

नागपुरात धंतोली-रामदासपेठेकडच्या सर्जिकल दुकानांत मागितलं की स्वस्त म्हणून ८ नंबरची (नंबर म्हणजे नळीची बाहेरची जाडी) इन्फंट फीडिंग ट्यूब पुढे केली जाते. ती मुळीच घेऊ नका. रिकव्हरी डाएट, म्हणजे आजारी मांजराचं दाट मऊ अन्न, तिच्यातून उतरवायला इतकं पाणी घालावं लागतं की पोट भरतं, पण कॅलरी जात नाहीत, आणि मांजर ओकतं. पीव्हीसीची १४ नंबरची रायल्स ट्यूब (माणसांच्या नाकातून पोटात घालतात ती नळी) दोन आठवडे चालते, नंतर कडक होते. धातूच्या गोळ्या असलेलं तिचं बंद टोक कापावंच लागतं, नाहीतर अन्न तिथेच अडकतं. कापलेली कड गुळगुळीत हवी.

सिलिकॉन महाग, पण महिना-दीड महिना मऊ राहते. पण दोष दोन: भिंत जाड असल्यामुळे त्याच नंबरात आतलं भोक लहान, आणि मऊपणामुळे ओकारीत टोक तोंडात येऊ शकतं. म्हणून कातडीजवळ नळीवर मार्करने रेघ मारा. रेघ सरकली तर खाऊ घालू नका, आधी एक्स-रे काढा. टोक सातव्या ते नवव्या बरगडीच्या दरम्यान असावं, जठरात नाही. तिथे गेलं तर आम्ल वर येऊन अन्ननलिका भाजते.

लिव्हर बिघडलेलं असताना रक्त नीट गोठत नाही, म्हणून छेदाआधी व्हिटॅमिन के१ची इंजेक्शनं झालीत का, हे विचाराच.

हिशेब असा: वजन गुणिले ३० अधिक ७०. ४ किलोच्या मांजराला दिवसाला १९० कॅलरी. पहिल्या दिवशी त्याच्या पाव, म्हणजे साधारण ५० कॅलरी, पाच-सहा वेळांत विभागून. मग तीन-चार दिवसांत पूर्ण. घाईने भरपूर घातलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं, तांबड्या पेशी फुटतात, आणि सुधारत असलेलं मांजर हातचं जातं. पहिले तीन दिवस रक्ततपासणीत काटकसर नको.

अन्न अंगाइतकं कोमट, १०-१५ मिनिटांत सावकाश. आधी ५ मिली पाणी घाला. खोकला आला तर तिथेच थांबा. शेवटी पुन्हा ५ ते १० मिली. हे शेवटचं पाणी राहिलं की नळी तुंबलीच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, कूलरच्या खोलीतही उघडा डबा ठेवू नका. फ्रीजमधून लागेल तेवढंच काढा. पट्टी रोज बदला. छेदाशी पू किंवा वास असेल तर त्याच दिवशी दाखवा.

मांजर आपणहून खायला लागलं आणि आठवडाभर वजन टिकलं, की नळी धरून ठेवणारा टाका कापून डॉक्टर नळी ओढून काढतात. छेद शिवत नाहीत, आठ-दहा दिवसांत आपोआप भरतो.