18 इंची बेसच्या नावाखाली 92,500 रुपये गेले

लग्नसराई तोंडावर आली की जळगाव-धुळ्याकडे ‘कंपनीचा माल, निम्म्या भावात’वाले उगवतात. बँडवाल्यांनो, ऑर्केस्ट्रावाल्यांनो, सावध राहा. मी दोन बेस (जाड आवाजाचे मोठे स्पीकर) 58,000 ला, दोन टॉप (बारीक आवाजाचे स्पीकर) 34,500 ला घेतले, आणि बेस नकली निघाले. 20,000 यूपीआयने, 72,500 रोख. बिल ‘मागून पाठवतो, दादा’. आलंच नाही. जीएसटीचं पक्कं बिल हातात पडल्याशिवाय रुपया सोडू नका.

दुकानातल्या पोऱ्यानं 18 इंची बेसचा खोका एकट्यानं उचलून पिकअपमध्ये टाकला. ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. मोठ्या मॅग्नेटचा असला बेस हलवायला दोन गडी लागतात, आणि मी शेजारी उभा राहून दोरी आवळत होतो! पण शंका यावी तरी कशी? स्टिकर, होलोग्राम, सिरियल नंबर, सगळं जागच्या जागी. दुकानात ढोलकी खणखणीत वाजली. बंद खोलीत पाच-दहा वॅटवर कुठलाही स्पीकर गोडच लागतो. घरी ऐकायला तेवढं पुरतं. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं पडतो, आणि नुसते 3 डेसिबल वाढवायला ताकद दुप्पट लागते. म्हणून माल मोकळ्यावर वाजवून घ्या. खोक्यावर 2000 वॅट ‘पीक’ (क्षणभर झेपणारी ताकद) असेल तर आरएमएस (सलग झेपणारी ताकद) साधारण 500 धरा.

अमळनेरकडच्या एका हळदीत पहिल्याच अहिराणी गाण्याला बेस फाटला, मागोमाग जळक्या वार्निशचा वास. बयाण्याचे 11,000 चारचौघांत परत केले. मिस्त्रीनं कोन (स्पीकरचा पडदा) कापला तर 4 इंची म्हणून विकलेली कॉइल (पडद्यामागची तारेची गुंडाळी) 2 इंची निघाली, रबरी टोपीखाली मॅग्नेट वाटीएवढं.

पोलीस म्हणाले, “हा दिवाणी मामला.” खोटा शिक्का मारून माल विकणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 कशासाठी आहे मग? तर म्हणे, दुकान ज्या हद्दीत तिथं जा. तिथं गेलो, तर रोखीचा पुरावा आणा! कंपनी फोनवर सांगते, हा सिरियल नंबर आमचा नाही. लेखी द्या म्हटलं की फोन ठेवतात. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, दुकानदारानं उत्तर दिलं नाही, तक्रार बंद. उत्तर न देणाऱ्यालाच सुटका मिळते, हा कुठला न्याय?

आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. 5 लाखांपर्यंत फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. जळालेला स्पीकर, खोका, यूपीआयची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज यातलं काहीही फेकू नका.