रायझन ५६००एक्सचं ओव्हरक्लॉकिंग : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं ऑफिस आहे. कास्टिंगच्या पॅटर्नचं थ्रीडी डिझाइन आणि व्हीएमसीसाठी (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनसाठी) टूलपाथ, म्हणजे हत्याराने फिरायचा मार्ग, काढणं हे काम. टूलपाथच्या हिशेबातला बराच भाग एकाच कोअरवर (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र गणन-भागावर) चालतो. म्हणून जादा कोअरचा महागडा प्रोसेसर घेण्यापेक्षा आहे त्याच एएमडी रायझन ५६००एक्स प्रोसेसरचा एका कोअरचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढवायचं, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करायचं ठरवलं. दिवाळीनंतर सेटिंग केलं, मेचं ऊन बघितलं, पावसाळाही गेला.

मदरबोर्ड बी५५०, रॅम डीडीआर४ ३६००, एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) १८००. प्रोसेसरबरोबर आलेला कूलर काढून १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर बसवला. एवढा खर्च करायचा नसेल तर ओव्हरक्लॉकिंगच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ए३२० बोर्डावर हे जमत नाही. इंटेलवाल्यांना के अक्षराचा प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो. ओव्हरक्लॉकिंगमुळे चिप गेली तर एएमडीची वॉरंटी लागू होत नाही, हेही आधीच धरून चालावं.

सगळे कोअर हाताने ४.५ गिगाहर्ट्झला बांधायची जुनी पद्धत या चिपवर मला पटत नाही. एका कोअरचं काम असलं की ही चिप स्वतःहून ४.६ च्या वर जाते. बांधून ठेवली की नेमकं तेच हातचं जातं. शिवाय विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे व्होल्टेज थोडंसं चढवलं तरी उष्णता भराभर वाढते. म्हणून पीबीओ (चिपच्या आपोआप वेग वाढवण्याच्या मर्यादा सैल करणारं सेटिंग) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग) वापरलं. मूळची ७६ वॅटची पीपीटी (प्रोसेसरला मिळणाऱ्या विजेची) मर्यादा १०० वर नेली, बूस्ट (कमाल वेग) १०० मेगाहर्ट्झ वाढवला आणि प्रत्येक कोअरचा कर्व्ह वेगवेगळा उणे केला, म्हणजे त्याच वेगाला व्होल्टेज कमी केलं.

खरं काम या कर्व्हमध्येच आहे. सरसकट उणे ३० टाकून सिनेबेंच ही रेंडरिंगची चाचणी अर्धा तास चालली की मशीन स्थिर, असं बरेच जण समजतात. इथे उलटं असतं. सगळ्या कोअरवर लोड असताना चिप खालच्या वेगावर असते. एकटा कोअर सगळ्यात वरच्या वेगाला जातो तो हलक्या कामात, आणि कमी केलेलं व्होल्टेज तिथेच अपुरं पडतं. म्हणून रेंडर सुखरूप पार पडतं आणि नुसतं ब्राउझर उघडं असताना मशीन रीस्टार्ट होतं. यासाठी कोअरसायकलर नावाचं चाचणीचं सॉफ्टवेअर वापरावं, ते एकेका कोअरला आळीपाळीने पिळतं. त्यात एसएसई (हलक्या सूचनांचा) मोड ठेवावा, कारण त्यात उष्णता कमी आणि वेग सगळ्यात जास्त असतो. रात्रभर चालू द्यावं. माझ्या चिपचे सगळ्यात चांगले दोन कोअर उणे १० च्या आसपास थांबले, बाकीचे उणे २५ पर्यंत गेले. चांगले कोअर आधीच वरच्या वेगाला पळवलेले असतात, त्यांच्याकडे सवलत कमी उरते.

रीस्टार्ट झालाच तर विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडावा. डब्ल्यूएचईए-लॉगर, इव्हेंट १८ अशी हार्डवेअरच्या चुकीची नोंद असेल तर त्यात एपीआयसी आयडी (थ्रेडचा क्रमांक; एका कोअरचे दोन थ्रेड) असतो. ५६००एक्सवर त्याला २ ने भागायचं आणि पूर्णांक धरायचा. आयडी ४ किंवा ५ म्हणजे शून्यापासून मोजत कोअर २. फक्त त्याच कोअरचा कर्व्ह दोन-तीन अंकांनी सैल करायचा. नुसती कर्नल-पॉवर ४१ ची (मशीन अचानक बंद पडल्याची) नोंद असेल तर आधी विजेकडे बघावं. आमच्या गल्लीत वेल्डिंग सुरू झालं की दिवे मिणमिणतात. यूपीएसशिवाय इथे स्थिरता तपासण्यात काही अर्थ नाही. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये इफेक्टिव्ह क्लॉकवरही (प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगावरही) नजर असावी. वेगाचा आकडा ४.७ दाखवतोय आणि चाचणीचा स्कोअर घसरतोय, तर व्होल्टेज कमी पडून चिप मधले ठोके गाळते आहे.

उन्हाळ्याने मात्र हिशेब बदलला. खोली जितकी तापते, साधारण तितकीच चिप वर जाते. डिसेंबरात पूर्ण लोडवर ७४ अंश दाखवणारी चिप मेमध्ये ८५ च्या पुढे गेली. मर्यादा ९५ ची आहे, पण रोज तिच्या एवढं जवळ राहणं मला मान्य नाही. पीपीटी ८८ वर आणली, तापमान उतरलं, टूलपाथच्या वेळेत जाणवण्याइतका फरक पडला नाही. सेटिंग थंडीत केलं असेल तर मेचे दहा-बारा अंश आधीच वर मिळवून ठेवा.

फाउंड्रीच्या भागातली काळी धूळ हा वेगळा विषय. ग्राइंडिंगच्या धुळीत लोखंडाचा कण असतो आणि तो वीज वाहून नेतो, त्यामुळे कॅबिनेटच्या पुढे जाळीचा फिल्टर हवाच. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा थेट मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल येतं. मी मऊ ब्रशने कूलरच्या पट्ट्या झाडतो, पंखा बोटाने धरून.

पोरं विचारतात, ‘भावा, पाचला लागतोय का?’ रोजच्या वापरात पाच गिगाहर्ट्झला नाही लागत. माझ्या कामात वेळेची बचत शंभर मिनिटांमागे चार-पाच मिनिटांची आहे. पण कर्व्हमुळे त्याच वेगाला व्होल्टेज कमी लागतं, पंखा हळू फिरतो, आणि रात्री लावलेला टूलपाथ सकाळी पूर्ण झालेला मिळतो. बूस्टचे १०० मेगाहर्ट्झ उद्या काढावे लागले तर काढेन, कर्व्ह काढणार नाही. बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं की ही सगळी सेटिंग्ज सहसा पुसली जातात, तेव्हा प्रत्येक स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.