थर्मल पेस्ट: चार उन्हाळ्यांनंतरचा अभिप्राय

थर्मल पेस्ट म्हणजे संगणकाचा प्रोसेसर आणि त्याची उष्णता बाहेर टाकणारा पात्यांचा धातूचा हीटसिंक यांच्यामध्ये लावायचा लेप. ती घेताना आपण जी परीक्षणे वाचतो ती बहुधा पेस्ट लावल्यापासून दोन-चार दिवसांत लिहिलेली असतात, त्यामुळे जुन्या पेस्टविषयी त्यांतून काहीच कळत नाही. नागपुरातील माझ्या घरी जानेवारी २०२२ मध्ये जोडलेल्या संगणकात रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसरवर मी एका नामांकित कंपनीची राखाडी पेस्ट लावली आणि चार उन्हाळे तिला हात लावला नाही. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जे घडले ते सिलिकॉन तेलात ऑक्साइडची बारीक भुकटी कालवून केलेल्या बहुतेक पेस्टच्या बाबतीत कमी-अधिक प्रमाणात घडते.

आपल्या शहरात नुसते प्रोसेसरचे तापमान पाहून पेस्टचा निकाल लावता येत नाही. जानेवारीत खोलीत २२ अंश असतात आणि मेमध्ये, बाहेर पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना, त्याच खोलीत ३९. म्हणून मी दर वेळी पंख्यांचा वेग तोच ठेवून, प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा सिनेबेंच हा चाचणी-प्रोग्राम अर्धा तास चालवून, प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करून उरलेला फरक वहीत लिहीत गेलो. पहिल्या जानेवारीत हा फरक ४२ अंश होता आणि पहिल्या मेमध्ये ४३, म्हणजे प्रोसेसर ८२ अंशांवर पोहोचला तरी पेस्टचा त्यात काही दोष नव्हता. मे २०२५ मध्ये मात्र फरक ५३ झाला. प्रोसेसर ९२ अंशांवर गेला, आणि त्याची कमाल मर्यादा ९५ आहे.

यातले सगळे पाप पेस्टच्या माथी मारणेही योग्य नाही. आमच्याकडे कूलर म्हटले की खिडकीतला वाळ्याचा कूलर आधी आठवतो. त्याची दमट हवा आणि शहरातली धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखा थर बसवतात. तो साफ केल्यावर ४ अंश कमी झाले. उरलेले ६ अंश त्याच पेस्टची नवी नळी आणून लावल्यावरच खाली आले. पेस्ट बदलायला निघालेल्यांनी हा क्रम पाळावा, नाहीतर धुळीचे श्रेय नव्या पेस्टला मिळते.

हे ६ अंश कुठून आले होते, ते हीटसिंक काढल्यावर दिसले. पेस्ट कडांना खडूसारखी कोरडी पडली होती आणि मधोमध तिला तडे गेले होते. पेस्ट स्वतः काही मोठी उष्णतावाहक नाही: तांब्याची वाहकता ४०० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, तर चांगल्या पेस्टची, कंपन्यांच्याच दाव्यानुसार, साधारण ४ ते १२. तिचे काम एवढेच, की दोन धातूंमधल्या सूक्ष्म खाचांतून हवेला हुसकावून लावायचे, कारण हवेची वाहकता जेमतेम ०.०२६ आहे. तेल हळूहळू पाझरून गेले की भुकटीच्या कणांमधल्या जागेत तीच हवा परत येते, आणि जितकी उष्णता जास्त तितके हे लवकर होते.

लॅपटॉपचा आजार वेगळा आहे. तिथे प्रोसेसरवर धातूचे झाकण नसते आणि तांब्याचा पत्रा थेट सिलिकॉनवर टेकतो. दर अंशाला तांबे दहा लाखांत सुमारे १७ भाग प्रसरण पावते, तर सिलिकॉन जेमतेम २.६; त्यामुळे प्रत्येक तापण्या-निवण्यासरशी पेस्ट थोडीथोडी बाहेर ढकलली जाते. धाकट्या बहिणीच्या लॅपटॉपमध्ये उत्तम पेस्ट लावूनही आठ महिन्यांत पंखा पुन्हा किंचाळू लागला, तेव्हा मी हनीवेलची पीटीएम७९५० ही पातळ चकती बसवली. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होते, खाचांत शिरते आणि निवल्यावर पुन्हा घट्ट होते, त्यामुळे पेस्टसारखी वाहून जात नाही. पहिले काही दिवस तिचे आकडे सामान्यच होते. चार-पाच वेळा तापून निवल्यावर ते उतरले. एक उन्हाळा झाला, फरक एका अंशानेही वाढलेला नाही. तरी एका उन्हाळ्यावर तिला पैकीच्या पैकी गुण देणार नाही.

बसवण्याविषयी दोन सूचना. मे महिन्यात ही चकती हातातच चिकट होते, म्हणून वरचा कागद सोलण्यापूर्वी ती पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी. आणि एएम४ सॉकेटवर (माझ्या ५६००एक्ससारखे प्रोसेसर ज्या खोबणीत बसतात ती) वाळलेली पेस्ट असेल तर हीटसिंक सरळ वर ओढू नये; संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट झाल्यावर तो बंद करावा आणि हीटसिंक डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा, अन्यथा प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधून उपटून येतो.

राहिली खरेदी. नवी नळी मी सीताबर्डीतल्या एका दुकानातून घेतली होती, आणि ती दाबल्यावर आधी नितळ तेलच बाहेर आले. दुकानदार म्हणाले, ‘अहो, असंच असते ते.’ तसे नसते. काचेच्या कपाटात उन्हाकडे तोंड करून पडून राहिलेल्या नळीत तेल वेगळे होते. त्यांनी नळी बदलून दिली, पण कपाट अजून तिथेच आहे.