फुकट पाणी तपासणीच्या नावाखाली १८ हजारांना गंडा

‘तुमच्या नळाचं पाणी फुकट तपासून देतो’ म्हणत कोणी दारात आलं, तर सावध राहा. पुण्यात सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या माझ्या आत्याच्या गळ्यात अशाच एकाने १८ हजारांचं, पाणी शुद्ध करायचं डिस्टिलेशनचं यंत्र मारलं.

त्याने ओट्यावर दोन ग्लास ठेवले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून बटण दाबलं. बघता बघता नळाचं पाणी हिरवट, मग विटकरी झालं आणि वर घाणेरडा फेस आला. दुसरा ग्लास जसाच्या तसा. ‘काकू, हे तुम्ही नातवाला पाजता?’ एवढं म्हटल्यावर आत्याने तिथल्या तिथे पैसे पाठवले.

तो गाळ पाण्यात नव्हताच. वीज गेली की लोखंडाची कांडी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. पाण्यातून वीज जायला क्षार लागतात. डिस्टिल्ड पाण्यात ते जवळपास नसतात, म्हणून तिथे काहीच घडत नाही. मी त्याच यंत्रातल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडलेले दोन लोखंडी खिळे आत सोडले. ते पाणीही तसंच विटकरी झालं. बाहेर काढल्यावर एक खिळा खरबरीत झालेला आत्याने स्वतः बोट फिरवून पाहिला.

डिस्टिलेशन मात्र थोतांड नाही. पाणी उकळून वाफ होते, ती थंड होऊन पुन्हा पाणी होते. क्षार, फ्लोराइड, आर्सेनिक भांड्यातच राहतात, जंतू मरतात. काही उडून जाणारी रसायनं तेवढी वाफेसोबत येऊ शकतात, त्यासाठी कार्बन फिल्टर लागतो. पण एका लिटरला साधारण पाऊण युनिट वीज जाते, हे त्याने सांगितलंच नाही. आत्याकडे खडकवासल्याचं, महापालिकेने शुद्ध केलेलं पाणी येतं. त्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला ८० मिलिग्रॅमच्या आसपास भरला. भारतीय मानकानुसार ५०० पर्यंत चालतो. जंतूंची शंका असेल तर उकळणं पुरे.

टीडीएसच्या मीटरलाही भुलू नका. तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, त्यात जंतू दिसत नाहीत की फ्लोराइड वेगळं कळत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचा खरा त्रास आहे. तिथे तर विक्रेत्याच्या ग्लासावर मुळीच विसंबू नका, भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत नमुना द्या.

पावतीवर पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही. फोन आता लागत नाही. पावती आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जोडून आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, तक्रार केली आहे. असा माणूस तुमच्याकडे आलाच, तर बटण दाबण्याआधी त्याच्या ग्लासातही चिमूटभर मीठ टाकायला सांगा.