लॅमिंग्टन रोडवरच्या सामानातून लॉनमोवर रोबो उभा राहतो का?

स्वतःची वाट स्वतः शोधत गवत कापणारे रोबो बनवण्याची विद्यार्थी स्पर्धा अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हिगेशनने २००४ मध्ये ओहायोतल्या डेटनला सुरू केली. तसा रोबो मुंबईत बांधायचा तर इंजिनिअरिंगच्या पोरांचे पाय आपसूक ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराकडे वळतात. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी कुणालाही लॅमिंग्टनच विचारा.

इथल्या सामानाला गुण द्यायचे तर वायर, कनेक्टर, फ्यूज, कंट्रोलर बोर्ड, ड्रायव्हर (मोटरीला करंट देणारं सर्किट), बॅटरी, चार्जर या सगळ्याला दहापैकी नऊ. 'आपण नेमके कुठे आहोत' हे रोबोला सांगणाऱ्या सामानाला जेमतेम तीन. आणि ही स्पर्धा तर त्या तीनवरच जिंकली-हरली जाते.

चाकांसाठी बहुतेक संघ गाडीच्या वायपर मोटर घेतात. त्या इथे नाही, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या गाड्यांच्या सामानात शोधाव्यात. १२ व्होल्ट, दमदार, वर्म गिअर असल्यामुळे उतारावर घरंगळत नाहीत. पण यातल्या बऱ्याच मोटरींचं निगेटिव्ह टोक बॉडीलाच जोडलेलं असतं. दोन मोटरी एकाच लोखंडी सांगाड्यावर कसल्या आणि प्रत्येकीला वेगळा ड्रायव्हर दिला, की एक रिव्हर्स होताच सांगाड्यातूनच शॉर्ट होतो आणि ड्रायव्हर जळतो. मोटर आणि सांगाडा यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर, बुश घाला आणि मल्टिमीटरने खात्री करा. शिवाय या मोटरींचे ब्रश एकाच दिशेसाठी बसवलेले असतात. समोरासमोर बसवलेल्या दोन मोटरींना सारखाच व्होल्टेज दिला तरी रोबो एका बाजूला ओढतो. चाकांवर एन्कोडर, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणारे सेन्सर, हवेतच.

ड्रायव्हर मागितला की काउंटरवर हमखास एल२९८एन पुढे येतो. घेऊ नका. चॅनलला, म्हणजे एका मोटरीला, २ अँपिअर हीच त्याची मर्यादा, वर साधारण २ व्होल्ट तो स्वतःच खातो. चाक ओल्या गवतात अडकलं की वायपर मोटर दहा-पंधरा अँपिअर सहज ओढते. बीटीएस७९६० घ्या, मात्र त्यावरच्या '४३ अँपिअर'वर विसंबू नका. त्या चिमुकल्या हीटसिंकवर निम्मा करंटही सतत चालत नाही.

पॉवरची नेहमीची रड म्हणजे पातं सुरू झालं की रोबोचा छोटा कॉम्प्युटर, रास्पबेरी पाय, रीस्टार्ट होतो. पाय ४ ला ५ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात आणि व्होल्टेज उतरवणारा स्वस्तातला एलएम२५९६ बोर्ड तिथवर पोचता पोचता तापून बसतो. ५ अँपिअरचा कन्व्हर्टर मागा. जमलं तर पात्याची बॅटरीच वेगळी ठेवा.

आता तीन गुणांची गोष्ट. 'जीपीएस द्या' म्हटलं की निओ-६एम हा साधा रिसीव्हर हातात पडतो. त्याची अचूकता अडीच मीटर, तीही मोकळ्या आकाशाखाली आणि निम्म्याच वेळा. पातं असतं २० सेंटिमीटरचं! इथे लागतो आरटीके, म्हणजे झेडईडी-एफ९पीसारखे दोन रिसीव्हर, एक रोबोवर आणि एक जमिनीवर एका जागी, रोबोला दुरुस्ती कळवणारा बेस म्हणून. मग एक-दोन सेंटिमीटरची अचूकता मिळते. किंमत पाच आकडी, आणि बहुधा ऑनलाइनच मागवावा लागतो. त्याच्याबरोबर एकाच फ्रिक्वेन्सी बँडचा अँटेना गळ्यात मारून घेऊ नका. दोन बँडचा लागतो, नाहीतर रिसीव्हर 'फ्लोट'मध्येच, म्हणजे अर्धवट अचूकतेतच, घोटाळत राहतो. अँटेनाखाली किमान १० सेंटिमीटरची धातूची चकती ठेवा. मैदानाभोवती इमारतींचे टॉवर असतील तर सिग्नल भिंतींवर आपटून येतात आणि 'फिक्स', म्हणजे सेंटिमीटरची पक्की जागा, सुटतो. तेवढा वेळ एन्कोडर आणि वळण मोजणारा जायरो यांनी निभावून न्यायचं.

बेसची जागा रोज नव्याने मोजू दिली तर ती मीटरभर सरकते आणि आखलेली हद्दही तिच्याबरोबर सरकते. रोबो मग शिस्तीत, सेंटिमीटरच्या अचूकतेने, फुलझाडांत शिरतो. पहिल्या दिवशीचे आकडे जपून बेसला फिक्स्ड मोडमध्ये घाला, ट्रायपॉडची खूणही जमिनीवर ठोका.

दिशेसाठी मॅग्नेटोमीटर (इलेक्ट्रॉनिक होकायंत्र) नको. मोटरींच्या शेजारी तो बिनधास्त खोटं बोलतो. सुरुवातीला मीटरभर सरळ चालवून दोन जागांवरून दिशा काढणं बरं.

२० सेंटिमीटरच्या पात्याला पट्ट्यांमधलं अंतर १५ सेंटिमीटर ठेवा. १० बाय १० मीटरच्या मैदानात ६७ पट्टे होतात, म्हणजे ६७० मीटर चाल. सेकंदाला अर्धा मीटर धरला तर बावीस मिनिटं, वळणं वेगळी. बॅटरी हा हिशोब करून मगच घ्या.

अडथळ्यांसाठी एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर ढिगाने मिळतो, पण त्याचा बीम रुंद असल्यामुळे उंच गवतालाच तो भिंत समजतो. जमिनीपासून वर, किंचित आभाळाकडे कलवून लावा.

इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण आणि कॉन्टॅक्टर (मोठा करंट तोडणारा स्विच) लोहार चाळीत जास्त चांगले मिळतात. बटणाने मोटरींची वायरच तुटली पाहिजे. कंट्रोलरला नुसता निरोप पाठवणारं बटण कामाचं नाही. २० सेंटिमीटरच्या पात्याचं टोक ३००० आरपीएमला सेकंदाला ३१ मीटर वेगाने फिरत असतं.

जायचं तर सोमवार ते शनिवार, दुपारच्या आत. रविवारी बहुतेक शटर बंद असतात. कॉलेजकडून पैसे परत घ्यायचे असतील तर भाव ठरवण्याआधीच जीएसटीचं बिल मिळेल का ते विचारा, कारण कच्च्या बिलाचा आणि पक्क्या बिलाचा भाव एक नसतो. बोर्ड काउंटरवरच लावून बघा. एकदा सोल्डर लागला की परत घेत नाहीत.