‘संथ आहे’ म्हणतात? मग थिएटरातच बघा: मल्टिप्लेक्स, ओटीटी आणि महोत्सव यांची तुलना

दिग्दर्शक जाणकारांचा लाडका, सिनेमा नवा, आणि परदेशी महोत्सवातून येणारी मतं दोन टोकांची. एक म्हणतो वर्षातला सर्वोत्तम, दुसरा म्हणतो दोन तास भिंतीकडे बघत बसलो. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्यापुढे प्रश्न मात्र साधा असतो. पहिल्याच आठवड्यात विवियाना (आताचं लेकशोअर) किंवा सीवूड्सच्या मॉलमध्ये तिकीट काढायचं, ओटीटीवर येईपर्यंत थांबायचं, की महोत्सवाचा पास काढून अंधेरी नाहीतर पुणे गाठायचं? मतं चांगली की वाईट यावरून हे ठरवू नये. लोकांची तक्रार नेमकी कशाबद्दल आहे, त्यावरून ठरवावं.

आधी मतं वाचायची कशी

टाळ्या किती मिनिटं वाजल्या ते सोडून द्या. प्रीमियरला कलाकार समोर बसलेले असतात, निमंत्रित उभे राहणारच. पत्रकारांचे खेळ बहुतेक वेळा वेगळे असतात आणि त्यांतले बरेच जण दिवसाला चार-पाच सिनेमे बघत असतात. रात्रीच्या खेळाला अडीच तासांच्या शांत सिनेमात डुलकी लागली, तर राग दिग्दर्शकावर निघतो.

समीक्षकांच्या ताऱ्यांचंही तसंच. फ्रान्समधल्या कान महोत्सवात ‘स्क्रीन’ नियतकालिक समीक्षकांचा गुणतक्ता छापतं, ४ पैकी. २०१८ मध्ये ली चांग-डोंग यांच्या ‘बर्निंग’ला त्यात ३.८ मिळाले, तोवरचे सर्वाधिक. मुख्य ज्यूरीने मात्र त्याला एकही पुरस्कार दिला नाही. उलट १९६० मध्ये अँटोनिओनीच्या ‘लाव्हेन्तुरा’ची कानच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, त्याच महोत्सवात त्याला ज्यूरी पुरस्कार मिळाला आणि दोन वर्षांत तो समीक्षकांच्या जागतिक सर्वेक्षणात दुसऱ्या क्रमांकावर होता.

टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. शंभरपैकी शंभर समीक्षकांनी ‘बरा आहे’ एवढंच म्हटलं तरी रॉटन टोमॅटोज हे संकेतस्थळ १०० टक्के दाखवतं. पन्नास जण वेडे झाले आणि पन्नास वैतागले, तर ५०. म्हणून लेटरबॉक्सडवर (इथे प्रेक्षक सिनेमांना तारे देतात) सरासरीपेक्षा तिच्या शेजारचा छोटा आलेख बघा. मधे फुगवटा असेल तर सिनेमा सगळ्यांना ठीकठाक वाटलाय. दोन्ही टोकं वर आणि मध्य खाली असेल, तर खरी फूट आहे. या प्रकारच्या सिनेमाबद्दल दुसरा आलेख जास्त आशादायक. ‘सगळ्यांना ठीकठाक’ वाटणारा प्रायोगिक सिनेमा बहुधा कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आता तीन-चार नकारात्मक मतं पूर्ण वाचा आणि तक्रार शोधा. ‘संथ आहे’, ‘अंधारा आहे’, ‘काही ऐकूच येत नाही’, ‘काहीच घडत नाही’ असं असेल, तर त्याचा मोठा भाग पडदा, आवाज आणि खोलीतला उजेड यांच्याशी जोडलेला असतो. असा सिनेमा घरी आणखी वाईट दिसतो, म्हणून तो थिएटरातच बघायचा. ‘शेवट फसलाय’, ‘पात्रं पोकळ आहेत’, ‘राजकारण पटलं नाही’ अशी तक्रार असेल, तर मोठा पडदा काही वाचवणार नाही. तिथे थांबलात तरी फारसं बिघडत नाही. लोक नेमकं उलटं करतात: ‘संथ’ ऐकलं की ‘घरी बघू’ म्हणतात आणि वादग्रस्त शेवटासाठी शुक्रवारी धावतात.

तक्रार लांबीची असेल तर महोत्सवातली मिनिटं आणि इथल्या सेन्सॉर प्रमाणपत्रावरची मिनिटं ताडून बघा. पाचेक मिनिटांहून जास्त फरक म्हणजे काहीतरी कापलंय, मग ते बोर्डाने असो किंवा दिग्दर्शकाने. व्हिन्सेंट गॅलोचा ‘द ब्राउन बनी’ २००३ मध्ये कानला जवळजवळ दोन तासांचा होता आणि तिथे त्याची भरपूर टर उडवली गेली. प्रदर्शित झाला तो ९३ मिनिटांचा, आणि कानमध्ये त्याला सर्वांत जास्त झोडपणाऱ्या समीक्षक रॉजर ईबर्टनेच नव्या आवृत्तीची बाजू घेतली. जुन्या आवृत्तीवरची मतं नव्या आवृत्तीला चिकटवण्यात अर्थ नाही.

मल्टिप्लेक्स: एकच आठवडा

इथली खरी अडचण वेळेची. अशा सिनेमाला ठाणे-नवी मुंबईत प्रत्येक मॉलमध्ये बहुधा एकच खेळ मिळतो, आणि तोही सकाळी साडेनऊ-दहाचा नाहीतर रात्री पावणेअकराचा. शुक्रवार ते रविवार खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर दुसऱ्या शुक्रवारी तो यादीतून गायब. ‘लोक काय म्हणतात ते बघून पुढच्या शनिवारी जाऊ’ हे मोठ्या हिंदी सिनेमाला चालतं, याला चालत नाही.

लहान सिनेमाचं बुकिंग उशिरा उघडतं, बुधवारी रात्री किंवा थेट गुरुवारी. तिकिटाच्या अ‍ॅपवर भाषेचा फिल्टर काढून शोधा. पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’मध्ये मल्याळम, हिंदी आणि मराठी तिन्ही आहेत. असा सिनेमा अ‍ॅपवर एकाच भाषेखाली टाकलेला असला, तर ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ निवडून बसणाऱ्याला तो दिसतच नाही.

सकाळ आणि रात्र यांत सकाळ घ्या. सिनेमा शांत असेल तर डोकं ताजं हवंच. शिवाय पावणेअकराचा दोन तासांचा खेळ जाहिराती आणि मध्यंतर धरून सव्वा वाजता सुटतो. तेव्हा सीवूड्स किंवा पनवेलहून लोकलचा भरवसा नाही आणि घोडबंदर रोडला रिक्षावाला म्हणेल ते भाडं. १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आणि वर अ‍ॅपची फी असते. ती फी वाचवायची तर तिकीट खिडकीवर काढा. रविवारी सकाळच्या अशा खेळाला रांग नसते.

लहान सिनेमाला ऑडीही (मल्टिप्लेक्समधलं सभागृह) लहान मिळते, त्यामुळे ‘मागची रांग उत्तम’ हा नेहमीचा हिशेब चुकतो. पडद्याच्या रुंदीच्या दीड ते पावणेदोन पट अंतर डोळ्यांना योग्य. लहान ऑडीत ती जागा मधल्या रांगांतच येते. सबटायटल वाचायची असतील तर उतार कमी असलेल्या ऑडीत पुढच्याचं डोकं खालची ओळ खातं, तेव्हा बाजूला एक-दोन खुर्च्या सरका.

थिएटरचा सगळ्यात मोठा तोटा म्हणजे मध्यंतर. महोत्सवासाठी बनलेल्या सिनेमात ते लिहिलेलंच नसतं. वितरकाने जागा ठरवून दिली नसेल तर साधारण मध्यावर सिनेमा थांबवतात, कधी ऐन लांब शॉटच्या पोटात. पॉपकॉर्नची पिशवी घेऊन परतणाऱ्यांमुळे पुढची पाच मिनिटंही जातात. उपाय नाही, पण ‘दुसरा भाग सैल आहे’ असं इथल्या मतांत वाचलंत तर त्यातला थोडा भाग मध्यंतराच्या नावावर टाका.

घर: किती थांबावं लागेल, आणि काय हरवेल

थांबण्याचा हिशेब सिनेमागणिक बदलतो. ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला मे २०२४ मध्ये कानचा ग्राँ प्री (दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार) मिळाला, तो २२ नोव्हेंबरला देशभर लागला आणि ३ जानेवारी २०२५ ला हॉटस्टारवर आला, म्हणजे पडद्यानंतर सहा आठवड्यांत. चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ सप्टेंबर २०२० मध्ये व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला आणि ३० एप्रिल २०२१ ला थेट नेटफ्लिक्सवर आला. रोहन कानवडेच्या ‘साबर बोंडं’ने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातला ज्यूरीचा सर्वोच्च पुरस्कार घेतला, तो आपल्याकडे लागला १९ सप्टेंबरला. महोत्सवातल्या पहिल्या बातमीपासून सहा-आठ महिने धरून चला. परदेशी सिनेमा असेल तर इथे थिएटरात लागेलच असं नाही, तेव्हा ओटीटी हाच मार्ग.

घरी मध्यंतर नाही, बाकी बऱ्याच गोष्टी बिघडतात. ४३ इंची टीव्ही सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. वरचाच हिशेब लावला तर खुर्ची पाच-साडेपाच फुटांवर हवी. आपल्या दिवाणखान्यातला सोफा नऊ-दहा फुटांवर असतो, म्हणून स्थिर, दुरून घेतलेल्या शॉटमधली माणसं मुंगीएवढी होतात आणि ‘काहीच घडत नाही’ असं वाटतं. खुर्ची पुढे ओढा. यासारखा फुकटचा उपाय नाही.

मग टीव्हीची सेटिंग. चित्र गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग बंद करा (प्रत्येक कंपनीने नाव वेगळं ठेवलंय), नाहीतर सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा मालिकेसारखा दिसतो. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’. वीजबचत आणि उजेडानुसार चमक बदलणारा सेन्सर बंद, कारण रात्रीच्या प्रसंगात तोच चित्र आणखी काळं करतो. आवाज आपोआप सारखा करणारी सोय बंद. शांततेनंतरचा दार आपटल्याचा आवाज तिने कुजबुजीएवढा केला, तर प्रसंगच मेला. संवाद ऐकू येत नसतील तर वायरचे हेडफोन बरे. नेटफ्लिक्सच्या मोबाइलपुरत्या प्लॅनवर चित्र ४८०पी, म्हणजे कमी बारकाव्याचं असतं, अंधाऱ्या सिनेमासाठी ते घेऊ नका.

धूम्रपानाच्या इशाऱ्याबाबत दोन्हीकडे सारखंच. थिएटरात तो आधीपासून आहे. त्याच्यामुळेच २०१३ मध्ये वुडी अ‍ॅलनने ‘ब्लू जॅस्मिन’ भारतात लावू दिला नव्हता. १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीलाही तोच नियम आहे.

महोत्सव: कुणासाठी

सलग, मध्यंतराविना आणि सेन्सॉरच्या कात्रीशिवाय बघायचा तर हाच रस्ता. नोंदणीकृत प्रतिनिधींसाठीच्या खेळांना केंद्र सरकार प्रमाणपत्रातून सूट देतं, म्हणूनच १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो. मुलांना घेऊन जायचा बेत असेल तर इथेच थांबा.

ठाण्याहून अंधेरीला जाताना दादरमार्गे फिरू नका. जलद लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रो. नवी मुंबईहून पनवेल-गोरेगाव थेट लोकल मिळाली तर ठीक, नाहीतर कुर्ल्याला बदलून घाटकोपर. जानेवारीतल्या पुण्याच्या महोत्सवासाठी सकाळची इंद्रायणी ठाण्याला थांबते. नेरुळ-कळंबोलीकरांना द्रुतगती मार्गाने बस सोयीची. एकाच सिनेमासाठी मात्र पुण्याला जाऊ नका. दिवसाचे तीन बघायचे असतील तरच पास वसूल होतो.

पास हातात आहे म्हणजे जागा मिळाली असं नसतं. गाजलेल्या सिनेमाला आगाऊ जागा काही मिनिटांत संपतात आणि उरलेल्यांची वेगळी रांग लागते. खेळ दोनदा असेल तर दुसरा, आठवड्याच्या मधल्या सकाळचा धरा. पहिल्या खेळाला दिग्दर्शक येतो म्हणून गर्दी सगळी तिकडे वळते.