शिव्या खाऊनही दणक्यात वाजणारं गाणं

स्टारशिप या अमेरिकन रॉक बँडचं 'वी बिल्ट धिस सिटी' 1985 मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं. 2004 मध्ये 'ब्लेंडर' मासिकाने सर्वांत भिकार गाण्यांची यादी काढली, तिथेही हेच पहिलं!

समीक्षकांचा राग कळतो. ज्या गायिका ग्रेस स्लिकने साठच्या दशकात जेफरसन एअरप्लेन या रॉक बँडमधून सॅन फ्रान्सिस्को दणाणून सोडलं, तीच इथे संगीताचा बाजार मांडणाऱ्यांवर तोंडसुख घेते. आणि मागे वाजतंय काय, तर गुळगुळीत सिंथेसायझर. गिटार दुर्बीण लावून शोधावी लागते. रेडिओवाल्या मार्कोनीला 'मांबा' (हा तर साप!) वाजवायला लावणारी ओळ तर बर्नी टॉपिनसारख्या कसलेल्या गीतकाराची. त्याने मुळात लॉस एंजेलिसमधले क्लब मरत चालल्याबद्दल काळोखं गाणं लिहिलं होतं म्हणे. त्याचा इथे मागमूस नाही.

पण ऐकायला काय मजा येते राव! गाणं थेट ध्रुवपदानेच सुरू होतं, उगाच पाल्हाळ नाही. बँडचा गायक मिकी थॉमस वरच्या पट्टीत सुटला की भांडी घासता घासता माझ्या हातातली कढई ताल धरते. मधली ती रेडिओवरच्या ट्रॅफिकची बडबड मात्र मी पुढे ढकलते.

पाचपैकी साडेतीन. दीड गुण सिंथेसायझरने खाल्ले.